टोपलीखालचं कागदी फूल

सुदाम,

तू गेल्यावर तुझ्या पुण्यानुमोदनाला बोलायला लोकांनी मलाच उभं केलं. गावात मोठा आवाज माझा आणि तुझा सगळ्यात जुना दोस्तही मीच. तिथं मी जे सांगायला गेलो, ते सांगून झालं नाही. का झालं नाही, ते पुढं येईलच. पण आधी ते सांगून टाकतो, नाहीतर माझी जीभ नेहमीसारखी आडवाटेला लागेल.

चौऱ्याहत्तरच्या अश्विनात तुझ्या कुंडीत, टोपलीखाली, कागदाचं फूल खोचलं ते मी.

ही गोष्ट मी चार वर्षं सांगत आलोय. वाशीम ते अकोला, पातूरच्या घाटात, मालेगावच्या स्टँडवर, चहाच्या कपावर. तुझा चेहरा, तुझ्या सरांचा चष्मा, हेडमास्तरांचा खोकला, सगळ्यांच्या नकला करून. फक्त ही एक ओळ गाळून. माझ्या गोष्टीत ते फूल 'कोणीतरी' खोचायचं, आणि ऐकणाऱ्याला काय समजायचं ते तो समजायचा. काय समजायचा, ते मला माहीत होतं.

आपण दोघं मेडशीच्या एकाच वर्गात होतो. तू दाराजवळ बसायचास, मी खिडकीजवळ. असं का, हे आपण कधी बोललो नाही. छप्पन साली तू वडलांबरोबर जऊळक्याहून रेल्वेनं नागपूरला गेलास आणि परत आलास तेव्हा तुझ्या अंगात पांढराशुभ्र सदरा होता. मी विचारलं, "काय आनलं बे नागपूरहून?" तर म्हणालास, "मान वर करून चालाले शिकलो." मी लगेच तुझ्या चालण्याची नक्कल करून दाखवली. तू हसलास. तिथूनच आपली दोस्ती, तिथूनच माझी खोड. पुढं तू अकोल्याला जाऊन बी.एस्सी. झालास, गावच्या शाळेत विज्ञानाचा मास्तर झालास. मी एस.टी.चा कंडक्टर झालो. तुझ्यापुढं चाळीस पोरं बसायची, माझ्यापुढं पन्नास माणसं. फरक एवढाच की माझी माणसं पळून जाऊ शकत नव्हती.

आणि मग ते गड्डे आले.

तुझ्या कॉलेजातल्या वनस्पतिशास्त्राच्या सरांना परदेशातल्या कुणा ओळखीच्या माणसानं एक खोका पाठवला होता. त्यातले तीन गड्डे त्यांनी तुला दिले. सुरणाचा लहानसा गड्डा कुणी दगडाखाली दाबून चपटा करावा तसे, काळपट, खरबरीत. वाटेत खोका भिजला, चिठ्ठ्यांवरची शाई पसरली. त्यामुळं कोणता गड्डा कुठला हे सरांनाही सांगता येईना. एवढं नक्की होतं की हे सायक्लेमेन आहे. पण त्याच्यात जाती बऱ्याच. सरांचं मत, ही कुंडीत लावून दुकानात विकतात ती साधी जात. भर हिवाळ्यात फुलते आणि आपल्या उन्हाळ्यात मरते. तुझं मत, ही ती काटक जात, जी उन्हाळाभर जमिनीत झोपते, पाऊस सरता सरता जागी होते, आणि पानं यायच्या आधी नुसतं फूल वर काढते. अश्विनात.

तुझं मत कशावरून बनलं, ते मी डोळ्यांनी पाहिलंय. तू गड्डे लावलेस ते कोणीही शहाणा माणूस लावील तसेच. मुळांची बाजू खाली, गुळगुळीत बाजू वर. दोन महिने काही नाही. मग एक दिवस कुंडीच्या कडेनं एक वाकडंतिकडं पान बाहेर आलं, जणू कुणाच्या तरी पलंगाखालून सरपटत निघालंय. तू माती उकरलीस. मी भिंतीवर बसून शेंगा खात होतो.

"गजा, इकडं ये. पाह्य. मुळं याच्या डोक्यावर हायेत!"

"मंग?"

"मंग काय मंग? आपन याले उलटं लावलं. याची मुळं खांद्यातून निंगतात, बुडातून नाही. दुकानवालीची बुडातून निंगतात."

"म्हंजे दोन मयने तू त्या बिचाऱ्याले शीर्षासन करवून राह्यला होता? मास्तर हायेस का व्यायामशाळेचा पैलवान?"

तू हसता हसता खाली बसलास. हातात माती, आणि त्या मातीत तो उलटा साधू. गड्डा पालथा करून पुन्हा लावलास आणि सरांना पोस्टकार्ड टाकलंस. ते पोस्टकार्ड अकोल्याला मीच नेलं आणि वाचलंही. पोस्टकार्ड वाचू नये असं कुठं लिहिलंय? सरांचं उत्तरही मीच आणलं, तेही वाचलं. लिहिलं होतं, मुळांवरून मी मानणार नाही. पानाआधी फूल आलं तर मला कळव, मी स्वतः मेडशीला येतो. आणि खाली बारीक अक्षरात: कॉलेजात झाडांचं काम पाहणारी एक जागा तीन-चार वर्षांत रिकामी होणार आहे. ओळख खरी ठरली तर तुझं नाव मी सुचवीन.

ती खालची ओळ तू मला कधी वाचून दाखवली नाहीस. मला ती पाठ होती.

दोन गड्डे पहिल्याच पावसाळ्यात गेले. तुझ्या आईनं मायेनं रोज भांडी विसळलेलं पाणी घातलं आणि ते सडले. तिसऱ्यासाठी तू वेगळीच माती केलीस. आपली काळी माती त्याला चालेना, पाणी धरून ठेवते. मग मुरूम, विटांचा चुरा, पडक्या भिंतीचा जुना चुना, कडुनिंबाचा कुजलेला पाला. पावसाळ्यात कुंडी वळचणीच्या आत. उन्हाळ्यात पाण्याच्या रांजणाजवळ, गार फरशीवर, पण पाण्याचा थेंब नाही. मी तुझ्या घरी आलो की रांजणातून तांब्याभर पाणी प्यायचो आणि कुंडीकडे बघून म्हणायचो, "पाह्य लेका, पानी असं पेतात." बहात्तरच्या दुष्काळात विहिरी आटल्या तेव्हा मी गाडीत सांगायचो, मास्तरनं असं झाड आणलंय ज्याला पाणी पाजलं तर मरतं, सरकारनं सगळ्या शिवारात तेच लावावं. पन्नास माणसं हसायची. तूही हसायचास, दुसऱ्या बाकावर बसून.

पानं आली की मात्र मीही गप्प व्हायचो. विड्याचं पान कुणी जरा कोपरे काढून कातरावं आणि त्यावर चुन्याच्या बोटानं नक्षी काढावी, तशी ती पानं. प्रत्येकाची नक्षी वेगळी. तू वहीत एकेक पान काढून ठेवायचास.

आणि चौऱ्याहत्तरला दसऱ्याच्या दोन दिवस आधी तू स्टँडवर धावत आलास. मी गाडीच्या दारात उभा.

"गजा, कळ्या! दोन! एकही पान नाही अजून!"

"काय सांगतं!"

"सरायले कार्ड दे. हातात दे. सांग का बुधवारी याच म्हनावं."

तुझ्या डोळ्यांत पाणी होतं. छत्तीस वर्षांचा माणूस, दोन कळ्यांसाठी. मी कार्ड दिलं, सरांना निरोप सांगितला, सर म्हणाले येतो. इथपर्यंत मी तुझा चांगला दोस्त होतो.

आता ऐक.

शारदोत्सवाच्या नाटकात मी राणीचं काम करत होतो. मुकुटासाठी आणलेला गुलाबी घडीचा कागद उरला होता. तुझ्या पुस्तकातलं चित्र माझ्या डोक्यात होतं: पाच पाकळ्या, साऱ्या मागं वळलेल्या. मला वाटलं, सर यायच्या आधी सुदामनं सकाळी टोपली उचलावी आणि आत हे टपोरं गुलाबी फूल! एक क्षण त्याची बोबडी वळेल, मग त्याला कागद कळेल, मग तो मला चार शिव्या देईल, आणि सर येईस्तोवर ते फेकूनही देईल. एवढाच खेळ. मी कात्रीनं पाकळ्या कातरल्या, खराट्याच्या काडीला दोऱ्यानं बांधल्या. सांगायला लाज वाटते, पण फूल फार देखणं झालं होतं.

बुधवारी पहाट सरल्यावर मी तुझ्या अंगणात आलो. तू विहिरीवर होतास. कोंबड्यांच्या भीतीनं आईनं कुंडीवर टोपली पालथी घातली होती. मी ती उचलली, काडी मातीत खोचली. ती नीट बसेना म्हणून जरा दाबली, फिरवली. काहीतरी कट्‌कन मोडल्यासारखं वाटलं. मी टोपली ठेवली आणि पहिल्या गाडीनं अकोल्याला गेलो.

मला काय माहीत की तू त्या दिवशी टोपली उचलणारच नाहीस. वहिनींनी मला नंतर सांगितलं. तू म्हणाला होतास, "आता सर आल्यावर तेच उचलतीन. पयले त्यायनं पाहावं."

सरांना मीच घेऊन आलो, अकराच्या गाडीनं. वाटेत त्यांना दोन गोष्टी सांगून हसवलंही. मेडशीला गाडी दहा मिनिटं थांबते, मी ड्रायव्हरला म्हटलं, "भाऊ, चहा घ्या, मी आलोच." मला मजा बघायची होती. तुझ्या अंगणात हेडमास्तर, सरपंच, शाळेची अर्धी पोरं. तुझा सदरा इस्त्रीचा. आणि टोपली अजून तशीच होती. तू ती उचललीच नव्हतीस. अजूनही वेळ होता. मी म्हणू शकलो असतो, थांबा. पण इतकी माणसं जमलेली, असा रंगमंच, आणि मी... सुदाम, माझ्यातला नट पुढं पाहायला थांबला.

सरांनी टोपली उचलली.

सरांनी वाकून चष्मा वर केला, पाकळीला बोट लावलं. कागद वाजला. मग एक पोरगं फिदीफिदी हसलं, मग सगळी पोरं, मग सरपंच. मग मीही. मी त्या हसण्यात होतो. आणि हसता हसता मला दिसल्या त्या मातीवर पडलेल्या दोन तांबूस कळ्या, देठ मोडलेल्या, गोगलगायीच्या शिंगाएवढ्या.

तू कळ्या पाहिल्यास. काडी उपटलीस, फूल खिशात ठेवलंस.

"सर, हे म्या नाही केलं."

"मग कोणी केलं, सुदाम?"

तुझी नजर गोल फिरली. हेडमास्तरांवरून, पोरांवरून, सरपंचांवरून. ती माझ्याकडे येत होती. तेव्हा मी काय केलं माहीत आहे? मी तोंडापाशी हात नेऊन ओरडलो, "चला, बसा बसा! गाडी सुटून राह्यली!" लोक पुन्हा हसले आणि पांगले. सर संध्याकाळपर्यंत थांबणार होते. ते म्हणाले, वाशीमला माझे पाहुणे आहेत, मी याच गाडीनं जातो. जाताना तुला म्हणाले, "कळ्या आल्या नव्हत्या तर तसं लिहायचं. मी रागावलो नसतो."

माझ्याच गाडीत ते पहिल्या बाकावर बसले. मेडशी ते वाशीम, रस्ता काही थोडाथोडका नाही. मी त्यांच्या मागं उभा होतो. मालेगाव यायच्या आत एका प्रवाशानं विचारलं, "काय झालं बाप्पा मास्तरच्या घरी? लोक काहून हासत होते?" आणि मी सांगितलं. सरांच्या पाठीमागं उभं राहून. टोपली उचलण्याचा अभिनय करून. गाडी हसली. सर खिडकीबाहेर तुरीच्या शेतांकडे बघत राहिले. वाशीमला उतरताना मला म्हणाले, "चांगला मुलगा होता." होता म्हणाले. मी त्यांची पिशवी खाली दिली.

ती जागा दुसऱ्याला मिळाली.

मला वाटलं, आठ दिवसांत लोक विसरतील. माझ्या घरातल्या कुणी असं केलं असतं तर खरंच विसरले असते. माझ्या काकानं सरपंचकीच्या मतांत केवढी लबाडी केली, आज त्याला सगळे 'कलाकार' म्हणतात. पण तुझ्या बाबतीत ते विसरले नाहीत. तू वर्गात फळ्यावर फूल काढलंस की मागून आवाज यायचा, "गुरुजी, कागदाचं हाय का?" पारावर एकानं माझ्यासमोर म्हटलं, "शिकून शिकून काय शिकले हे लोक? लबाडी." हे लोक. माझी गंमत होती. त्यांना ती पुरावा म्हणून सापडली. त्या वेळी मी त्याची गचांडी धरायला हवी होती. मी म्हणालो, "जाऊ दे ना भाऊ," आणि दुसरी गोष्ट काढली.

तू मला एकदाच विचारलंस. पुलाच्या कठड्यावर बसलो होतो, दिवस मावळत होता, गुरं परतत होती.

"गजा, त्या दिवशी तू कोन्या गाडीनं गेला होता रे?"

"पयल्या."

"मंग तुले काही दिसलं नसन."

"नाही बा."

"बरं."

तुला माहीत होतं का? हे मी हजारदा स्वतःला विचारलंय आणि मला खरंच ठाऊक नाही. माहीत असतं तर तू माझ्या शेजारी बसलाच नसतास, असं कधी वाटतं. कधी वाटतं, तू मला बोलायला जागा करून देत होतास आणि मी ती जागा पाहूनही पुढं निघून गेलो.

त्याच संध्याकाळी आपलं ते भांडण झालं, जे अजून संपलेलं नाही. तू म्हणालास, "तुह्या गोष्टीत सारे हासतात गजा. पन ज्याची गोष्ट असते तो कुठं बसते?" मी म्हणालो, "तो बी हासते." तू म्हणालास, "हासते, कारन बाकी साऱ्यायच्या मंधात एकटा कसा रडन?" मी म्हटलं, तुला विनोद कळत नाही. तू म्हणालास, मला कळतो, म्हणून तर विचारतो. मग तू विषय बदललास. माझं उत्तर अजून तयार झालेलं नाही.

आणि तरी तू माझा दोस्त राहिलास! माझ्या मुलीला गणित शिकवलंस. माझ्या नाटकाला पहिल्या रांगेत बसलास, मी राणी झालो की सगळ्यात मोठ्यानं हसलास. एवढी माया माझ्या पदरात घालून तू मला जास्तच अडकवून ठेवलंस. रागावला असतास तर मी कधीच बोलून टाकलं असतं. हाही माझा बहाणाच आहे, कळतं मला.

गेल्या महिन्यात कावीळ पोटात उतरली आणि तुला अकोल्याला न्यायचं ठरलं. माझीच गाडी. मागचा लांब बाक मोकळा करून तुला निजवलं. वहिनी उशाशी, मी पायाशी. घाटात गाडी हेलकावे खात होती, तुझे डोळे हळदीसारखे पिवळे.

"बोल गजा," तू म्हणालास, "बोलत राह्य."

मी बोलत राहिलो. सरपंचांच्या म्हशीची गोष्ट, राणीचा मुकुट पडला ती गोष्ट, तुझ्या शीर्षासन करणाऱ्या साधूचीही. तू ओठ हलवून हसत होतास. पातूर गेलं, बाळापूरचा फाटा गेला. ती एक सोडून मी तुला सगळं सांगितलं. अकोला आलं आणि मी सवयीनं ओरडलो, "चला, उतरा!"

तुला पुन्हा घरी आणलं ते तोंडावरून चादर ओढून.

तिसऱ्या दिवशी वहिनींनी मला आत बोलावलं. मागच्या खोलीत, रांजणाजवळ, एका लहान खिडकीखाली ती कुंडी होती. मी तर ती मेली असं समजत होतो. एकही पान नव्हतं, आणि मातीतून सात फुलं उभी होती. कान मागं पाडून पळणाऱ्या सशासारखी, फिकट गुलाबी, पाकळ्यांच्या बुडाशी बारीकशी चुणी. माझ्या कागदाच्या फुलात ती चुणी नव्हती. माझ्या फुलात तसं काहीच नव्हतं.

"दरसाल येतात," वहिनी म्हणाल्या. "त्या वरसाच्या दुसऱ्या सालापासून. फूल झडलं का देठ आपोआप वेटोळं घालते न बी घेऊन मातीत जाते. ते म्हनत, दुकानवालीचं असं होत नाही. हे पक्कं झालं म्हने."

"मंग सरायले कळवलं नाही?"

"म्या म्हनलं ना. दाखवा लोकायले म्हनलं. ते म्हने, शांता, कागदाचं पाह्यलेल्याले खरं दाखवलं तं तो दोरा शोधते."

चार वर्षं! चार अश्विन तू बरोबर होतास, आणि ते तू, वहिनी आणि आई, तिघांनीच पाहिलं. मी रोज तुझ्या दारावरून गाडी नेत होतो, हॉर्न वाजवत होतो.

तेव्हा ठरवलं की पुण्यानुमोदनाला सगळ्यांसमोर सांगायचं. ज्या लोकांसमोर तुला मान खाली घालायला लावली, त्याच लोकांसमोर. विहारासमोर मांडव होता. वंदना झाली. हेडमास्तर बोलले, तुझे दोन विद्यार्थी बोलले. मग कोणीतरी म्हणालं, "आता गजाभाऊ." मी उठलो. आणि सुदाम, मी नुसता उठलो तरी मागच्या रांगेत हसू फुटलं.

मी म्हणालो, "ते कागदाचं फूल म्या खोचलं होतं."

लोक हसले. त्यांना वाटलं, गोष्ट सुरू झाली.

मी म्हणालो, "खरं सांगतो. खराट्याची काडी होती. राणीच्या मुकुटाचा कागद होता." ते आणखी हसले. माझा आवाज कापत होता. त्यांना वाटलं मी तुझ्या आवाजाची नक्कल करतोय. मी रडायला लागलो. सरपंच डोळे पुसत म्हणाले, "गजा, लेका, मास्तरच्या पुण्यानुमोदनालेही सोडत नाहीस!" आणि पारावरचा तो, 'हे लोक' म्हणणारा, तो तर मांडीवर थाप मारून हसत होता. मी ओरडलो, "हासू नका!" त्यावर सगळ्यात मोठा हशा झाला. अशी दाद मला आयुष्यात मिळाली नव्हती.

मी थांबलो. काय करावं कळेना. मला एवढी वर्षं बोलता येतं, आणि खरं बोलायला लागलो तर माझ्याजवळ त्यासाठी वेगळा आवाजच नाही.

पांढऱ्या पातळातल्या वहिनी उठल्या. मांडव गप्प झाला. त्या म्हणाल्या, "भाऊजी, बसा." मी बसलो.

सगळे गेल्यावर मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसलो. त्यांना कळलं होतं. एकट्या त्यांनाच कळलं होतं. मला वाटलं, आता चपला घालून निघा म्हणतील, आणि मी निघालो असतो.

"त्याच दिवशी सांगतलं असतं भाऊजी, तं ते हासले असते," त्या म्हणाल्या. "पोट धरून हासले असते. न मंग सरायच्या मांगं पळत गेले असते, दोघंही."

मी मान वर केली नाही.

"दुसऱ्या दिवशी सांगतलं असतं तरी चाललं असतं. परसालच्या अश्विनातही चाललं असतं."

मग मी म्हणालो, "वहिनी, कुंडी द्या. मी उद्या अकोल्याले जातो. सर आता निवृत्त झाले, पन हायेत. त्यायच्या पायापाशी ठेवतो न सारं सांगतो."

वहिनी उठल्या आणि मागच्या खोलीच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या.

"कुंडी कोनाच्या हाती द्याची नाही. तुमच्या तं नाहीच," त्या म्हणाल्या. "सरायले इथं आना. त्यायनं इथं येऊन पाहावं. न गावानं सरायले पाहताना पाहावं."

सर पासष्टीला टेकलेत. घाटातून येतील की नाही, माझं तोंड पाहतील की नाही, ठाऊक नाही. सात फुलांपैकी दोन झडली आहेत. अजून तीन कळ्या आहेत, वहिनी म्हणतात आठ-दहा दिवस निघतील. उद्या माझी सुट्टी. पहिल्या गाडीनं जातो आहे, प्रवासी म्हणून, तिकीट काढून. वाटेत कोणी म्हणालं, "गजाभाऊ, एखादी गोष्ट होऊ द्या," तर मी खिडकीबाहेर बघणार आहे. सर नाही म्हणाले तर परवा रजा टाकून पुन्हा जाईन, तेरवा पुन्हा. दार उघडेपर्यंत त्यांच्या पायरीवर बसेन आणि त्यांना म्हणेन, सर, सुदामनं बोलावलंय, पानाआधी फूल आलंय.